सगळे खेळ मिळून खरा पहिला कोण? शीटमधलं उत्तर २५० वर्षांपूर्वीच्या बोर्दांचं

मागच्या वर्षी कॉलेजच्या क्रीडा स्पर्धेची शीट मी बनवली होती. सहा स्पर्धक, पाच खेळ. नियम सोपा ठेवला: ज्याचे पहिले नंबर जास्त, त्याला ट्रॉफी. झालं काय, दोन खेळांत पहिला आणि तीन खेळांत शेवटचा आलेला मुलगा ट्रॉफी घेऊन गेला. एक मुलगी पाचही खेळांत दुसरी आली होती. तिला काहीच मिळालं नाही. चूक माझ्या शीटची होती. ती दुरुस्त करताना मला ज्याँ-शार्ल द बोर्दा सापडले.

बोर्दांचा जन्म १७३३ चा, फ्रान्समधल्या दाक्स गावचा. गणितज्ञही आणि आरमारी अधिकारीही. १७८२ मध्ये ब्रिटिशांनी त्यांना समुद्रात पकडलं होतं, नंतर सोडलं. कोन मोजायचं एक यंत्र त्यांनी सुधारलं. त्यात एकच कोन पुन्हा पुन्हा मोजायचा, म्हणजे एखाद्या मापातली चूक वाटली जाऊन कमी होते. मीटरची लांबी ठरवण्यासाठी डंकर्क ते बार्सिलोना जी मोजणी झाली, ती याच यंत्राने.

१७७० मध्ये त्यांनी पॅरिसच्या विज्ञान अकादमीत निवडणुकीचा प्रश्न मांडला. समजा २१ मतदार आणि तीन उमेदवार आहेत. पहिली पसंती अनुक्रमे ८, ७ आणि ६. म्हणजे पहिला उमेदवार जिंकला. पण उरलेल्या १३ जणांनी त्यालाच शेवटी ठेवलंय! बोर्दांनी पसंतीनुसार ३, २, १ असे गुण दिले. बेरीज आली ३७, ४२ आणि ४७. निकाल पूर्ण उलटा! पुढे अकादमीनेही काही वर्षं सभासद निवडताना ही पद्धत वापरली.

आता मतदाराच्या जागी खेळ ठेवा, उमेदवाराच्या जागी स्पर्धक. शीटमध्ये असं करा:

१. सेकंद आणि मीटर यांची थेट बेरीज करू नका. प्रत्येक खेळाचा वेगळा क्रमांक काढा. धावण्यात कमी आकडा चांगला, उडीत जास्त.
२. 'रँक डॉट एव्हीजी' हे फंक्शन वापरा. दोघं मिळून दुसरे आले तर दोघांना २.५ क्रमांक मिळतो, अन्याय होत नाही.
३. सहा स्पर्धक असतील तर ७ मधून क्रमांक वजा करा. ते झाले गुण. मग सगळ्या खेळांची बेरीज.

माझ्या जुन्या शीटवर हे लावलं. ट्रॉफीवाल्याचे १५ गुण, त्या मुलीचे २५. सगळ्यांत जास्त तिचेच.

पद्धत परिपूर्ण आहे का? नाही. बोर्दांच्याच काळातले कोंदोर्से हिच्यावर टीका करत. एखादा स्पर्धक मध्येच बाहेर पडला, तर उरलेल्यांचा आपसातला क्रम बदलू शकतो. म्हणून गैरहजर खेळाडूला किती गुण आणि बरोबरी कशी सोडवायची, हे स्पर्धेआधीच लिहून सगळ्यांना पाठवा. निकाल लागल्यावर नियम बदलला तर तो कितीही चांगला असो, कुणी मानत नाही.

बोर्दा फेब्रुवारी १७९९ मध्ये गेले. प्रमाण मीटर त्याच वर्षी जूनमध्ये तयार होऊन सरकारजमा झाला. तो पाहायला ते नव्हते. आयफेल टॉवरवर कोरलेल्या ७२ नावांत त्यांचं नाव मात्र आहे.

गेलेली ट्रॉफी मी परत मागू शकलो नाही. त्या मुलीला नवी शीट दाखवली आणि माफी मागितली. यंदाची शीट मात्र पहिली शिट्टी वाजायच्या आधीच सगळ्यांच्या फोनवर गेलीय.