पऱ्हाटी जाळू नका, खत करा, हे शंभर वर्षांपूर्वी दाखवून देणारा इंदूरचा इंग्रज

कापसाची शेवटची वेचणी झाली की पऱ्हाटी उपटायची, बांधाला रचायची आणि पेटवून द्यायची. विदर्भ-मराठवाड्यात आजही अनेक ठिकाणी हेच चालतं. पण याच पऱ्हाटीचं तीन महिन्यांत खत करून दाखवणारा एक माणूस शंभर वर्षांपूर्वी इंदुरात होता.

सर अल्बर्ट हॉवर्ड.

१८७३ मध्ये इंग्लंडच्या श्रॉपशायरमध्ये शेतकऱ्याच्या घरात त्यांचा जन्म झाला. केंब्रिजला शिकून ते कॅरिबियन बेटांवर बुरशीतज्ज्ञ म्हणून गेले. तिथे पिकांचे रोग तपासायचे आणि सल्ला द्यायचा, एवढंच काम होतं. तो सल्ला स्वतः करून बघायला हातात जमीनच नव्हती. ही गोष्ट त्यांना कायम खटकत राहिली.

१९०५ मध्ये ते बिहारमधल्या पुसा संस्थेत आले आणि जमीन मिळाली. आजूबाजूच्या शेतांत त्यांनी बघितलं, तर औषध न फवारताही पिकं निरोगी. मग त्यांनी शिकवायचं सोडून आधी शिकायचं ठरवलं. शेतकरी गव्हात हरभरा आणि ज्वारी-बाजरीत तूर का घेतात, हे ते समजून घेऊ लागले. कडधान्याच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र धरतात. तुरीची मुळं खोल जाऊन कडक जमीन फोडतात. पत्नी गॅब्रिएल याही वनस्पतिशास्त्रज्ञ. दोघांनी मिळून गव्हाचे सुधारित वाणही काढले.

१९२४ मध्ये होळकरांच्या इंदूर संस्थानात नवी संस्था सुरू झाली आणि हॉवर्ड तिचे संचालक झाले. काम कापसाचं होतं, त्यामुळे पऱ्हाटीचा प्रश्न समोर आलाच.

आता अडचण काय होती?

पऱ्हाटीत कर्ब भरपूर आणि नत्र कमी. ती तशीच जमिनीत गाडली तर ती कुजवणारे जिवाणू आपल्या वाढीसाठी जमिनीतलाच नत्र ओढून घेतात आणि पुढचं पीक पिवळं पडतं. जाळली तर कर्ब आणि नत्र दोन्ही धुरात जातात, उरते फक्त राख. म्हणजे गाडलं तरी पंचाईत आणि जाळलं तरी नुकसान.

हॉवर्ड आणि त्यांचे रसायनतज्ज्ञ सहकारी यशवंत वाड यांनी यातून मार्ग काढला. कडक पऱ्हाटी रस्त्यावर पसरायची, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या बैलगाड्याच ती चेचून काढतात. मग ती तण, पालापाचोळा आणि काडासोबत गोठ्यात अंथरायची. त्यानंतर खड्ड्यात तिचे थर द्यायचे आणि त्यावर शेणकाला, गोमूत्र मुरलेली माती आणि राख टाकायची. नत्राची उणीव शेण-मूत्रातून भरून निघते. ओल आणि हवा राखत ठरावीक दिवसांनी खालीवर केलं की साधारण ९० दिवसांत खत तयार.

हीच कंपोस्टची इंदूर पद्धत. वाड यांच्यासोबत लिहिलेलं तिच्यावरचं पुस्तक १९३१ मध्ये आलं. त्याच्या आदल्याच वर्षी गॅब्रिएल गेल्या होत्या. हॉवर्ड नोकरी सोडून इंग्लंडला परतले. १९३४ मध्ये त्यांना 'सर' किताब मिळाला. १९४० च्या पुस्तकात त्यांनी भारतातल्या शेतकऱ्यांचं श्रेय मोकळेपणाने मान्य केलं. त्यांच्या लिखाणातून युरोप-अमेरिकेतली सेंद्रिय शेतीची चळवळ उभी राहिली. १९४७ मध्ये त्यांचं निधन झालं.

हॉवर्ड यांनी नांगरणी सोडायला सांगितलं नव्हतं. पण आज विनानांगरणी शेती करणाऱ्यांचं गणितही तेच आहे. तिथे खड्ड्याचं काम जमिनीचा वरचा थर करतो. काड वर पसरलेलं असतं, मुळं जागेवरच कुजतात आणि फेरपालटीतलं कडधान्य नत्राची बाजू सांभाळतं. फक्त नांगर थांबवला, पण काड जाळलं आणि दरवर्षी तेच पीक घेतलं, तर यातलं फारसं काही हाती लागत नाही.

पिकाने जमिनीतून जे घेतलं, त्यातला बराच भाग काडात उरतो. तो जमिनीला परत करायचा की धुरात घालवायचा, हे पऱ्हाटीला काडी लावायच्या आधीच ठरवावं लागतं.