जॉन स्कॉट हॉल्डेन : श्वासाचे संशोधक



अन्नावाचून माणूस काही दिवस काढू शकतो, प्राणवायूवाचून काही मिनिटेही नाही. परंतु श्वास चालू असूनही शरीरातील ऊतींपर्यंत प्राणवायू पोहोचला नाही तर? या प्रश्नासाठी ज्यांनी स्वतःचे शरीर पणाला लावले, त्या शास्त्रज्ञाचा हा अल्प परिचय.

जॉन स्कॉट हॉल्डेन यांचा जन्म मे १८६० मध्ये स्कॉटलंडमधील एडिंबरो येथे झाला. तेथेच १८८४ मध्ये त्यांनी वैद्यकशास्त्राची पदवी प्राप्त केली. पुढे ऑक्सफर्ड विद्यापीठ ही त्यांची कर्मभूमी झाली.

जानेवारी १८९६ मध्ये वेल्समधील टायलर्सटाउन येथील कोळशाच्या खाणीत स्फोट होऊन ५७ कामगार दगावले. हॉल्डेन यांनी तेथे जाऊन मृतदेह तपासले. बहुतेकांचा बळी स्फोटाने नव्हे, तर नंतर पसरलेल्या कार्बन मोनॉक्साइड वायूने घेतला होता. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. रक्त लालभडक दिसते, पण ऊती उपाशी राहतात.

हॉल्डेन यांनी हा वायू प्रयोगशाळेत स्वतः श्वासावाटे घेतला आणि शरीरावर होणारे परिणाम नोंदवून ठेवले. लहान प्राण्यांवर त्याचा परिणाम माणसाच्या आधी होतो, म्हणून खाणीत उंदीर किंवा कॅनरी पक्षी न्यावा, असे त्यांनी सुचवले. पक्षी कोसळला की कामगारांनी बाहेर पडायचे. ब्रिटनच्या खाणींत ही प्रथा १९८६ पर्यंत चालली.

१९११ मध्ये अमेरिकेतील सुमारे ४,३०० मीटर उंच पाइक्स पीकवर राहून त्यांनी विरळ हवेचा अभ्यास केला. पहिल्या महायुद्धात विषारी वायूने पीडित सैनिकांना प्राणवायू देण्याच्या उपचारावर संशोधन केले. १९३६ मध्ये ते निवर्तले. त्यांचे पुत्र जे. बी. एस. हॉल्डेन हेही थोर शास्त्रज्ञ. ते १९५७ मध्ये भारतात आले आणि येथील नागरिक झाले.

मुलांनो, तो वायू केवळ खाणीत नसतो. थंडीत बंद खोलीत पेटवलेली कोळशाची शेगडी किंवा हवा न खेळणाऱ्या न्हाणीघरातील गॅसचा गीझर तोच वायू निर्माण करू शकतो. डोके दुखते, गुंगी येते आणि झोपलेला माणूस उठतच नाही. आपल्या घरात कॅनरी नाही. म्हणून शेगडी पेटवून झोपू नका, खिडकी उघडी ठेवा आणि हे आजी-आजोबांनाही आवर्जून सांगा.