आकड्यांची वही सांभाळणारा माणूस

संगणकावर आउटलुक किंवा थंडरबर्डसारख्या प्रोग्रॅममध्ये वेबमेलचे खाते जोडू लागले, की पोर्टचे आकडे समोर येतात. पत्रे पाठविण्यासाठी २५, ती आपल्या यंत्रावर उतरवून घेण्यासाठी ११०, सर्व्हरवरची फोल्डरे आहेत तेथेच पाहण्यासाठी १४३. सुरक्षित जोडणीसाठी आता ९९३सारखे निराळे आकडे भरावे लागतात. पण हे मूळ आकडे ज्या वहीत नोंदले गेले, ती वही सुमारे पाव शतक जॉन पोस्टेल यांच्या हाती होती. ही वही सर्वांनी मानावी असा कोणताही कायदा नव्हता. तरीही ती जगभर मानली गेली.

पोस्टेल यांचा जन्म ६ ऑगस्ट १९४३ रोजी कॅलिफोर्नियातील अल्टाडीना येथे झाला. लॉस एंजलिसच्या व्हॅन नाइज हायस्कूलमध्ये त्यांचे शिक्षण झाले. इंटरनेटच्या उभारणीत पुढे नाव कमावलेले व्हिंट सर्फ आणि स्टीव्ह क्रॉकर हेही त्याच शाळेचे. १९६९ साली यूसीएलए विद्यापीठात आर्पानेटचे पहिले केंद्र सुरू झाले, तेव्हा तेथील विद्यार्थ्यांच्या गटात पोस्टेल होते. संगणकांनी परस्परांशी कसे बोलावे, याची टिपणे हा गट लिहीत असे. आरएफसी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या टिपणांचे संपादन लवकरच पोस्टेल यांच्याकडे आले आणि अखेरपर्यंत त्यांच्याकडेच राहिले.

एकाच संगणकावर अनेक सेवा चालू असतील, तर आलेला निरोप नेमका कोणासाठी, हे कळण्यास प्रत्येक सेवेला ठराविक क्रमांक हवा. दोघांनी एकच क्रमांक घेतला, तर सारा घोटाळा. मे १९७२ मधील एका टिपणात पोस्टेल यांनी सुचविले, की हे क्रमांक एकाच व्यक्तीने वाटावेत. ती व्यक्ती आपण असू शकतो, असेही त्यांनी काहीशा संकोचाने सूचित केले. १९७७ मध्ये ते दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या इन्फर्मेशन सायन्सेस इन्स्टिट्यूटमध्ये गेले, तेव्हा हे कामही त्यांच्याबरोबर गेले. तेथे जॉइस रेनल्ड्स यांची त्यांना दीर्घकाळ साथ लाभली. आयाना हे भारदस्त नाव या कामाला बरेच उशिरा मिळाले.

ई-मेलशी त्यांचा संबंध केवळ क्रमांकापुरता नव्हता. ऑगस्ट १९८२ मधील एसएमटीपीचे प्रमाणपत्रक, आरएफसी ८२१, त्यांच्याच नावाचे. पत्र कोणाकडून, कोणासाठी, आणि मग मजकूर, एवढ्या मोजक्या आज्ञांवर ही पद्धत उभी आहे. मात्र पोहोचलेले पत्र राहावे कोठे, हा प्रश्न उरला होता. १९८५ साली पॉप पद्धतीच्या दुसऱ्या आवृत्तीच्या लेखकांत पोस्टेल होते. पत्रे सर्व्हरवरून उचलून आपल्या यंत्रावर आणावीत, ही तिची दृष्टी. एकच यंत्र वापरणाऱ्याला ते सोयीचे. कचेरीत एक आणि घरी दुसरे यंत्र असणाऱ्याची मात्र पत्रे विखुरली जात. स्टॅनफर्डमध्ये मार्क क्रिस्पिन यांनी आयमॅप ही उलट पद्धत रचली. तीत पत्रे आणि फोल्डरे सर्व्हरवरच राहतात, यंत्र ती केवळ दाखविते. वेबमेलमध्ये केलेले फोल्डर घरच्या संगणकावरही दिसते, ते या पद्धतीमुळे. स्वतःचा हात लागलेल्या पद्धतीला पर्याय ठरणारे हे टिपण संपादक पोस्टेल यांच्याच देखरेखीखाली १९८८ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यांच्या वहीत १४३ हा क्रमांक त्याच्या नावे लागला. अशा निःपक्षपातीपणामुळेच त्यांचा शब्द मानला जात असे.

लांब दाढी, पायांत सँडल, डोंगरवाटांची ओढ असलेल्या या माणसाला अधिकाराचा सोस नव्हता. तरी १९९८ साली त्यांच्या हाती अधिकार किती होता, हे उघड झाले. इंटरनेटवरील नावांचे नियंत्रण कोणाकडे असावे, यावर त्या वेळी अमेरिकेत वाद पेटला होता. सर्वांच्या नावांची मुख्य यादी सरकारी कंत्राटदार कंपनीच्या सर्व्हरवरून घेतली जाई. २८ जानेवारीला पोस्टेल यांनी आठ मूळ सर्व्हरांच्या चालकांना, ही यादी आयानाच्या सर्व्हरवरून घ्यावी, असे ई-मेलने कळविले. त्यांनी ते निमूटपणे ऐकले. व्हाइट हाउसमधून तीव्र आक्षेप आला आणि काही दिवसांत सारे पूर्ववत झाले. ही केवळ चाचणी होती, असे पोस्टेल यांचे म्हणणे. चाचणी असो वा इशारा, एका माणसाच्या पत्रावर जगाच्या जाळ्याचा मोहरा फिरू शकतो, हे शासनाला रुचणारे नव्हते. आणि ती भीती सर्वस्वी अनाठायी होती, असेही म्हणता येत नाही.

या कामासाठी आयकॅन ही संस्था ३० सप्टेंबर १९९८ रोजी स्थापन झाली. तिच्या उभारणीसाठी पोस्टेल स्वतः झटले होते. हृदयाची झडप बदलण्याच्या शस्त्रक्रियेनंतर गुंतागुंत होऊन १६ ऑक्टोबरला लॉस एंजलिस येथे वयाच्या ५५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. व्हिंट सर्फ यांनी लिहिलेला मृत्युलेख त्याच टिपणांच्या मालिकेत २४६८ या क्रमांकाने प्रसिद्ध झाला. एसएमटीपीचे प्रमाणपत्रक २००१ आणि २००८ मध्ये नव्याने लिहिले गेले. सर्व्हर ते सर्व्हर टपालासाठीचा २५ हा क्रमांक तोच राहिला.