धूसर हवेला आकड्यांत बांधणाऱ्या अ‍ॅना मणी

झाशी, २३ ऑगस्ट : मे महिन्यात झाशीच्या किल्ल्यावरून पाहिले तर क्षितिज दिसत नाही. राजस्थानकडून येणारी धूळ, आसपासच्या खडीच्या गिरण्यांची भुकटी आणि बेतवाकाठच्या पारीछा औष्णिक वीज केंद्राचा धूर यांनी आकाश मातकट झालेले असते. पावसाळा सरला की तीच हवा काचेसारखी स्वच्छ होते. या दोन ऋतूंत उपग्रहाने टिपलेली बुंदेलखंडाची चित्रे शेजारी ठेवली तर एकच पडीक जमीन दोन वेगळ्या रंगांची दिसते. जमीन बदललेली नसते, मधली हवा बदललेली असते. चित्रातून या हवेचा वाटा वजा करण्याला वातावरणीय दुरुस्ती म्हणतात. त्यासाठी त्या दिवशी हवेत किती कण तरंगत होते, हे सांगणारा एक आकडा लागतो. असा आकडा भारतात शिस्तीने आणि विश्वासार्ह उपकरणांनी मोजण्याची घडी ज्यांनी बसवली, त्यांत अ‍ॅना मणी यांचे नाव अग्रभागी आहे. आज त्यांची जयंती.

अ‍ॅना मणी यांचा जन्म २३ ऑगस्ट १९१८ रोजी तत्कालीन त्रावणकोर संस्थानातील पीरमेड येथे झाला. वडील स्थापत्य अभियंता होते आणि त्यांचे वेलदोड्याचे मळे होते. आठ भावंडांत अ‍ॅना सातव्या. मुलांनी मोठ्या हुद्द्यांवर जावे आणि मुलींनी चांगल्या घरी पडावे, अशी सधन कुटुंबांची तेव्हाची रीत होती. आठव्या वाढदिवशी घरच्या रिवाजाप्रमाणे हिऱ्याच्या कुड्या पुढे आल्या, तेव्हा या मुलीने त्या नाकारून ब्रिटानिका विश्वकोशाचे खंड मागितले. त्याच सुमारास, १९२५ मध्ये, वैकोम सत्याग्रहाच्या निमित्ताने महात्मा गांधी त्या भागात आले होते. त्या प्रभावातून त्यांनी स्वीकारलेली खादी आयुष्यभर अंगावर राहिली.

मद्रासच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयातून १९३९ मध्ये पदवी घेतल्यावर त्यांना बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिष्यवृत्ती मिळाली आणि त्या सर चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाल्या. याच संस्थेत प्रवेश मिळावा म्हणून १९३३ मध्ये कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, यांना रामन यांच्याशी झगडावे लागले होते, हे मराठी वाचकांना परिचित आहे. मणी यांच्या वेळी दार उघडे होते, परंतु आत स्त्री आणि पुरुष संशोधकांनी एकमेकांत मिसळू नये असा दंडक होता. बालपणी नाकारलेले हिरे येथे संशोधनाचा विषय म्हणून हाती आले. तीसहून अधिक हिऱ्यांच्या वर्णपटांचा त्यांनी अभ्यास केला. एकेका छायाचित्रण पट्टीवर प्रकाश पाडण्यास पंधरा ते वीस तास लागत, त्यामुळे अनेक रात्री प्रयोगशाळेतच जात. १९४२ ते १९४५ या काळात त्यांनी एकटीच्या नावावर पाच शोधनिबंध प्रसिद्ध केले.

ऑगस्ट १९४५ मध्ये त्यांनी पीएच.डी.साठी प्रबंध सादर केला. पदवी देण्याचा अधिकार मद्रास विद्यापीठाकडे होता. उमेदवाराकडे एम.एस्सी. नाही, या कारणावरून विद्यापीठाने ती नाकारली. पूर्ण झालेला प्रबंध बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेच्या ग्रंथालयात राहिला आणि मणी अखेरपर्यंत डॉक्टरेटविना राहिल्या. या अन्यायाचा त्यांनी पुढे बाऊ केला नाही. पदवी नसल्याने काम अडले नाही, अशीच त्यांची भूमिका होती.

भौतिकशास्त्राच्या उच्च शिक्षणासाठी सरकारी शिष्यवृत्तीवर त्या इंग्लंडला गेल्या. तेथे उपलब्ध असलेली संधी मात्र हवामानाच्या उपकरणांच्या प्रशिक्षणाची होती. ती त्यांनी स्वीकारली आणि आयुष्याची दिशा ठरली. १९४८ मध्ये स्वतंत्र भारतात परतल्यावर त्या पुण्यात भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या उपकरण शाखेत रुजू झाल्या. शाखेची सूत्रे एस. पी. वेंकटेश्वरन यांच्याकडे होती. साधी पर्जन्यमापके आणि तापमापकेही तोवर मोठ्या प्रमाणात परदेशातून येत. मणी यांनी सुमारे शंभर उपकरणांचे आराखडे प्रमाणित केले आणि त्यांचे उत्पादन देशात सुरू करण्याचे काम पुढे नेले. १९५३ पर्यंत त्या शाखाप्रमुख झाल्या. त्यांच्या हाताखाली १२१ पुरुष काम करीत होते.

चुकीची नोंद ही नोंद नसण्यापेक्षा अधिक घातक, हे त्यांच्या कामाचे सूत्र होते. रिकामी जागा पाहणाऱ्याला सावध करते, पण चुकीचा आकडा बिनबोभाट पुढच्या प्रत्येक हिशेबात शिरतो. म्हणून उपकरण वेधशाळेत बसवण्यापूर्वी आणि बसवल्यानंतरही प्रमाण उपकरणाशी ताडून पाहण्याचा त्यांचा आग्रह असे.

१९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षाच्या निमित्ताने त्यांनी भारतात सौर प्रारण मोजणाऱ्या केंद्रांचे जाळे उभारले. आरंभी उपकरणे आयात केलेली होती, पुढे ती पुण्यातच घडू लागली. सूर्याकडून थेट येणारा प्रकाश रंगीत काचांच्या गाळण्यांतून मोजला की वाटेत किती प्रकाश अडला आणि कोणत्या रंगाचा अधिक अडला, हे कळते. त्यावरून हवेची गढूळता काढण्याची रीत स्वीडिश शास्त्रज्ञ आँगस्ट्रॉम यांनी १९२९ मध्ये मांडली होती. त्यातील एक संख्या कणांचे प्रमाण सांगते, तर दुसरी कणांच्या आकाराचा अंदाज देते. वाळवंटी धूळ जाड असते आणि धूर बारीक, त्यामुळे केवळ दोन संख्यांतून हवेत काय आहे याची कल्पना येते. मणी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय केंद्रांच्या नोंदींवरून या संख्या काढल्या आणि १९६९ मध्ये त्यावरील शोधनिबंध प्रसिद्ध केला. मान्सूनपूर्व काळातील धूळभरली हवा आणि पावसाने धुतलेली हवा यांतील फरक आता केवळ डोळ्यांना जाणवणारा राहिला नाही, तो आकड्यांत आला. १९७० च्या दशकात हवामानशास्त्र विभागाने हवेच्या गढूळतेच्या नियमित नोंदींसाठी दहा केंद्रे उभारली. त्यांत पुणे आणि नागपूर यांचा समावेश होता.

१९६० च्या दशकात मणी ओझोनच्या मोजमापाकडे वळल्या. फुग्याबरोबर आकाशात सोडायचे ओझोनमापक त्यांच्या चमूने भारतातच बनवले. विक्रम साराभाई यांच्या विनंतीवरून त्यांनी थुंबा अग्निबाण केंद्रावर हवामान वेधशाळा उभारली. हवामानशास्त्र विभागाच्या उपमहासंचालक म्हणून १९७६ मध्ये त्या निवृत्त झाल्या. त्यानंतर रामन संशोधन संस्थेत बसून त्यांनी भारतातील सौर प्रारणाच्या नोंदींचे दोन ग्रंथ सिद्ध केले. ते १९८० च्या सुमारास प्रसिद्ध झाले आणि सौरऊर्जेच्या अभियंत्यांचा आधार बनले. १९८३ मध्ये पवनऊर्जेवरील ग्रंथ आला. १९८७ मध्ये भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमीने त्यांना के. आर. रामनाथन पदक दिले. १९९४ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला. १६ ऑगस्ट २००१ रोजी तिरुवनंतपुरम येथे त्यांचे निधन झाले. त्या अविवाहित होत्या.

भारताचा पहिला दूरसंवेदन उपग्रह आयआरएस-१ए मार्च १९८८ मध्ये अवकाशात गेला, तेव्हा मणी यांना निवृत्त होऊन एक तप झाले होते. परंतु उपग्रहचित्राच्या अभ्यासकाला आजही त्याच प्रश्नाचे उत्तर हवे असते, जो त्या पुण्यातील गच्चीवरून सूर्याला विचारीत. सूर्यप्रकाश जमिनीवर येताना एकदा आणि परावर्तित होऊन उपग्रहाकडे जाताना पुन्हा एकदा हवेतून जातो. तरंगत्या कणांमुळे गडद जलाशय उजळ भासतो आणि हिरवे पीक प्रत्यक्षापेक्षा विरळ वाटते. दुष्काळाने वारंवार गांजलेल्या बुंदेलखंडात पिकाचा अंदाज अशा चित्रावरून बांधायचा असेल, तर ही चूक शेतकऱ्याच्या पदरी पडू शकते.

दुरुस्तीची संगणकीय प्रारूपे कणांच्या प्रकाशीय जाडीचा आकडा मागतात. तो नसेल तर किलोमीटरमधील दृश्यमानता चालते. दृश्यमानता वेधशाळांच्या नेहमीच्या नोंदींत असते, पण ती जपून वापरावी लागते. सकाळी साडेआठची नोंद हिवाळ्यात दाट धुक्याची असू शकते, तर अनेक उपग्रह साडेदहाच्या सुमारास, धुके विरल्यावर, वरून जातात. शिवाय दृश्यमानता जमिनीलगतची हवा सांगते, उंचावरून वाहणारी धूळ तिच्यात पकडली जात नाही. सूर्याकडे रोखलेले प्रकाशमापक मात्र हवेचा पूर्ण स्तंभ मोजते. अशा उपकरणांच्या जागतिक जाळ्यातील कानपूर आयआयटीचे केंद्र झाशीहून सुमारे सव्वादोनशे किलोमीटरवर आहे आणि २००१ पासूनच्या नोंदी तेथे सर्वांना खुल्या आहेत. पुण्यात उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतही असे केंद्र आहे. उपग्रह स्वतःही कणांचा अंदाज देतात, परंतु तो खरा की खोटा हे ठरते जमिनीवरील मोजमापाशी ताडूनच.

मणी यांचा आग्रह तेथेच आजही उपयोगी पडतो. उपग्रह कितीही उंच गेला, तरी त्याच्या चित्राची खात्री जमिनीवर नीट ताडून लावलेल्या उपकरणातूनच मिळते. पावसाळ्यानंतर झाशीचे आकाश पुन्हा निवळेल आणि उपग्रहांना बेतवेचे पात्र स्वच्छ दिसेल. त्या चित्रातला रंग खरा आहे, असे अभ्यासक ठामपणे म्हणू शकेल, त्यामागे पीएच.डी. नाकारल्या गेलेल्या एका संशोधिकेने घालून दिलेली मोजमापाची शिस्त असेल.