रक्तातल्या पेशींना नावं देणाऱ्या पॉल एर्लिख यांचा नियम लिव्हरने मोडला, तो असा

सीबीसीचा रिपोर्ट तुम्ही कधीतरी पाहिलाच असेल. हिमोग्लोबिनच्या खाली न्यूट्रोफिल, इओसिनोफिल, बेसोफिल अशी रांग असते, पुढे टक्के. आपण फक्त आकडा लाल आहे का तेवढं बघतो आणि रिपोर्ट डॉक्टरांना फॉरवर्ड करतो. पण ही नावं पाडली कुणी?

पॉल एर्लिख यांनी. आणि तेही कपड्यांच्या रंगांमुळे.

एर्लिख यांचा जन्म 14 मार्च 1854 चा. गाव स्ट्रेलेन, तेव्हा प्रशियात, आज पोलंडमध्ये. घर ज्यू. आईच्या माहेरचे कार्ल वायगर्ट हे पेशी रंगवून मायक्रोस्कोपखाली बघायचे, तिथून पॉल यांना हा नाद लागला. त्या काळात जर्मनीत डांबरापासून कृत्रिम रंग बनवण्याचे कारखाने जोरात होते. एर्लिख यांनी तेच रंग पेशींवर ओतले. कुठली पेशी कुठला रंग पकडते यावरून त्यांनी पांढऱ्या पेशींची वर्गवारी लावली. इओसिन नावाचा रंग धरते ती इओसिनोफिल, इतकं सोपं. 1878 ला लायप्झिगमधून डॉक्टर झाले तेही रंगांवरच प्रबंध लिहून.

मग नोकरी लागली बर्लिनच्या शारिटे हॉस्पिटलात. तिथले प्रमुख फ्रेरिक्स हे त्या काळातले लिव्हरचे मोठे जाणकार. 1883 मध्ये एर्लिख यांनी डायबेटिसच्या पेशंटच्या लिव्हरमध्ये सुई घालून नमुना काढला. साखरेचा साठा, म्हणजे ग्लायकोजेन, बघायचा होता. सुईने लिव्हरचा नमुना काढल्याची ही पहिली नोंद मानली जाते. आज ज्याला लिव्हर बायोप्सी म्हणतात, तिची सुरुवात इथली.

पुढे टीबीच्या जंतूंवर काम करता करता टीबीनेच गाठलं. हवापालटासाठी इजिप्तला गेले, बरे होऊन परतले. दिवसाला पंचवीसेक सिगार ओढायची सवय मात्र सुटली नाही.

आता खरी गंमत. 1900 च्या आसपास फ्रँकफर्टमध्ये एर्लिख आणि त्यांचे सहकारी मॉर्गेनरोथ शेळ्यांवर प्रयोग करत होते. एका शेळीचं रक्त दुसरीला टोचलं की दुसरी त्या परक्या तांबड्या पेशी फोडणारी अँटिबॉडी बनवायची. पण ती अँटिबॉडी तिच्या स्वतःच्या पेशींना हात लावत नव्हती. एर्लिख यांनी यातून नियम काढला, की शरीर स्वतःवर विष सोडायला घाबरतं. नाव दिलं ‘हॉरर ऑटोटॉक्सिकस’. त्यांना वाटत होतं, की शरीरात हे रोखणारी काहीतरी यंत्रणा असणार, आणि ती बिघडली तर आजार होऊ शकतो.

नियमाचा हा दुसरा भाग लोक विसरले. नाव मोठं, त्यात 1908 चं नोबेल. त्यामुळे शरीर स्वतःवर उलटतच नाही, एवढंच डोक्यात राहिलं. 1904 मध्येच डोनाट आणि लँडस्टाइनर यांनी स्वतःच्याच रक्तपेशी फोडणारी अँटिबॉडी दाखवली होती, पण पुढची पन्नासेक वर्षं बहुतेकांनी ते मनावर घेतलं नाही. 1956 मध्ये नोएल रोझ आणि एर्न्स्ट विटेब्स्की यांनी सशांमध्ये थायरॉईडवर उलटणारी इम्युनिटी दाखवली तेव्हा बर्फ फुटायला लागला. हे विटेब्स्की कोण? एर्लिख यांच्या शिष्याचे शिष्य!

लिव्हरचंही तसंच. 1950 मध्ये स्वीडनचे यान वाल्डेनस्ट्रॉम यांनी तरुण बायकांमधला एक विचित्र हेपेटायटिस नोंदवला. रक्तात गॅमा ग्लोब्युलिन भरमसाट वाढलेलं. आज त्याला ऑटोइम्यून हेपेटायटिस म्हणतात. यात बायोप्सी केली तर लिव्हरच्या शिरांभोवती लिम्फोसाइट आणि प्लाझ्मा पेशींची गर्दी दिसते, आणि ती हद्द ओलांडून लिव्हरच्या पेशींमध्ये घुसलेली असते. सीडी4 जातीच्या टी पेशी हुकूम सोडतात, सीडी8 जातीच्या पेशी लिव्हरच्या पेशी मारतात, बी पेशींपासून बनलेल्या प्लाझ्मा पेशी अँटिबॉडी ओततात. वेळेत कळलं नाही तर सिरॉसिस. कळलं तर प्रेड्निसोलोन आणि अ‍ॅझाथायोप्रिनने बहुतेकांचा आजार आटोक्यात येतो. म्हणून कावीळ परत परत होत असेल आणि व्हायरसच्या टेस्ट निगेटिव्ह असतील, तर घरगुती औषधात महिने घालवू नका.

आणि ती रोखणारी यंत्रणा? तीही सापडली. टी पेशींमध्येच काही पहारेकरी असतात, रेग्युलेटरी टी पेशी. 2025 चं वैद्यकाचं नोबेल त्यांच्यावरच्या कामालाच मिळालं. ऑटोइम्यून हेपेटायटिसमध्ये त्यांची संख्या घटते की काम बिघडतं, यावर संशोधकांचं अजून एकमत नाही.

एर्लिख यांनी यातलं काहीच पाहिलं नाही. सिफिलिसवरचं 606 नंबरचं औषध, म्हणजे साल्वर्सान, त्यांनी 1910 मध्ये बाजारात आणलं, त्यावरून भरपूर शिव्याही खाल्ल्या आणि 20 ऑगस्ट 1915 ला त्यांचं निधन झालं. नाझींनी फ्रँकफर्टच्या रस्त्यावरचं त्यांचं नाव पुसलं. पत्नी हेडविग यांना जर्मनी सोडावी लागली. नंतर त्याच जर्मनीने 200 मार्कच्या नोटेवर एका बाजूला एर्लिख यांचा चेहरा छापला आणि दुसऱ्या बाजूला मायक्रोस्कोप.