घोड्यावरून मोजलेली वाट

अँथनी ट्रॉलप हे नाव आपल्या कॉलेजात फारसं कुणी ऐकलं नसेल. इंग्रजी साहित्य घेऊन बी.ए. करणाऱ्यांना ते माहीत असतं, कारण या इंग्रज लेखकाने तब्बल ४७ कादंबऱ्या लिहिल्या. पण मित्रहो, हा लेख त्या कादंबऱ्यांबद्दल नाही. ट्रॉलपने आयुष्यातली ३३ वर्षं ब्रिटिश पोस्टखात्यात नोकरी केली, आणि आपल्याला त्याची ओळख करून घ्यायची आहे ती त्या नोकरीसाठी.

दार न वाजवताच ‘घरी कोणी नव्हतं’ अशी नोंद करून पुढे सटकणाऱ्या पार्सलवाल्याबद्दल हॉस्टेलवर आपण तावातावाने बोलतो. शॉर्टकट मारला, कामचुकार आहे, वगैरे. हाच प्रश्न या माणसाने पावणेदोनशे वर्षांपूर्वी दोन्ही बाजूंनी पाहिला होता. विशेष म्हणजे, त्यात आपली स्वतःची बाजू कुठे लंगडी पडली तेही त्याने लिहून ठेवलं.

वशिल्याची नोकरी

ट्रॉलपचा जन्म २४ एप्रिल १८१५ रोजी लंडनमध्ये झाला. वडील वकील होते, पण वकिली चालली नाही आणि शेतीत हात घातला तर तीही बुडाली. मुलगा हॅरोसारख्या बड्या शाळेत, पण घरची गरिबी. चिखलाच्या वाटा तुडवत तो शाळेत पोचायचा आणि श्रीमंतांची पोरं त्याच्या कपड्यांना हसायची. शेवटी आईने, फ्रान्सिस ट्रॉलपने, पन्नाशीनंतर पुस्तकं लिहायला घेतली आणि त्यावर घर चाललं. तरीही १८३४ मध्ये कर्जापायी कुटुंबाला बेल्जियममध्ये पळून जावं लागलं.

त्याच वर्षी अँथनीला लंडनच्या मुख्य पोस्टात कारकुनाची नोकरी मिळाली, वर्षाला ९० पौंड पगारावर. कशी मिळाली? सरळ वशिल्याने. आईच्या मैत्रिणीचे सासरे खात्याचे सर्वोच्च अधिकारी होते. परीक्षा म्हणून त्याला वर्तमानपत्रातला मजकूर उतरवून काढायला सांगितला, तर त्याने डाग पाडले आणि स्पेलिंगं चुकवली. उद्या घरून चांगल्या अक्षरात लिहून आण, असं फर्मान निघालं. त्याने रात्री बसून सुंदर अक्षरात लिहून नेलं, तर ते कुणी पाहिलंच नाही. गणिताचीही परीक्षा व्हायची होती, ती झालीच नाही. आपल्या व्हायवासारखंच, नाही का?

पुढची सात वर्षं वाईट गेली. रोज उशिरा येणं, डोक्यावर कर्ज, सावकार थेट ऑफिसात येऊन उभा. त्यातला एक प्रसंग मात्र सांगायलाच हवा. नोटा असलेलं एक पत्र खात्याचे प्रमुख कर्नल मेबर्ली यांच्या टेबलावरून नाहीसं झालं. कर्नलसाहेबांनी ट्रॉलपला बोलावून टेबलावर मूठ आपटली आणि ऐकवलं की खोलीत तुझ्या-माझ्याशिवाय कोणीच नव्हतं. मग तुम्हीच घेतलं असणार, असं म्हणून ट्रॉलपनेही मूठ आपटली. ती नेमकी शाईची बाटली ठेवलेल्या डेस्कवर बसली आणि साहेबांचं तोंड नि सदरा शाईने न्हाऊन निघाला. तेवढ्यात साहेबांचे खाजगी सचिव तेच पत्र पैशासकट घेऊन आत आले! चोरीचा आळ अंगावर येणं म्हणजे काय, हे ट्रॉलपला असं वयाच्या विशीतच कळलं.

आयर्लंड

१८४१ मध्ये आयर्लंडमधल्या बॅनागर या गावी एका सर्व्हेयरच्या हाताखाली जागा रिकामी होती. ती कुणालाच नको होती, म्हणून ट्रॉलपने मागितली. (सिव्हिलवाल्यांसाठी खुलासा: पोस्टखात्यातला सर्व्हेयर जमीन मोजत नसे. आपल्या विभागातली पोस्टं तपासणं, तक्रारींची चौकशी करणं आणि पत्रांचे मार्ग आखणं हे त्याचं काम.) लंडनहून ट्रॉलपबद्दल वाईट शेरा आधीच पोचला होता. पण नवे साहेब म्हणाले, मी तुझं काम पाहून ठरवीन. आणि इथेच माणूस बदलला.

सुरुवातीलाच त्याला गॉलवे भागातल्या एका पोस्टमास्तरचे हिशेब तपासायला पाठवलं. ट्रॉलपला हिशेबाचे फॉर्मही कळत नव्हते. मग त्याने ते त्या पोस्टमास्तरकडूनच शिकून घेतले आणि शिकल्यावर लक्षात आलं की थकवलेले पैसे फेडण्याची या गृहस्थाची मुळीच ऐपत नाही. पोस्टमास्तरची नोकरी गेली. शिकवणी मात्र ट्रॉलपच्या कायम उपयोगी पडली.

कॅव्हन परगण्यातले एक गृहस्थ पोस्टाविरुद्ध सतत जहाल तक्रारी लिहायचे. ट्रॉलप भर हिवाळ्यात उघड्या गाडीतून त्यांच्याकडे थडकला. गृहस्थांनी त्याला उबेला बसवलं, जेवू घातलं, मुलीचं गाणं ऐकवलं, रात्री ठेवूनही घेतलं. तक्रारीचं नाव नाही. सकाळी उलगडा झाला की त्यांना दिवसभर उद्योग नव्हता आणि पत्रं लिहायची हौस होती. तक्रार आली की जागेवर जाऊन पाहायचं, कागदावरून कुणालाच दोषी ठरवायचं नाही, ही सवय ट्रॉलपला अशा कामांतून लागली.

सगळ्याच तक्रारी अशा पोकळ नव्हत्या. पत्रांतून पैसे खरोखर गायब होत. तेव्हा त्याने खूण केलेलं सोन्याचं नाणं एका पत्रात घालून सापळा लावला आणि प्रकरण कोर्टात नेलं. १८४९ मध्ये ट्रॅली गावात चाललेला हा खटला गाजला. आरोपीचे वकील आयझॅक बट हे पुढे आयर्लंडचे मोठे पुढारी झाले, आणि त्यांच्या उलटतपासणीला ट्रॉलपने तोडीस तोड उत्तरं दिली.

लाल कोट आणि एक पेनी

१८४० मध्ये ब्रिटनमध्ये पेनी पोस्ट सुरू झालं. देशात कुठेही हलकं पत्र एका पेनीत जाऊ लागलं आणि पत्रांची संख्या भराभर वाढली. पण खेड्यापाड्यांत पत्र घरपोच मिळेलच याची खात्री नव्हती. १८५१ मध्ये ट्रॉलपला इंग्लंडच्या पश्चिम भागात आणि दक्षिण वेल्समध्ये ग्रामीण टपालाचे मार्ग आखायला पाठवण्यात आलं. डेव्हन, कॉर्नवॉल, सॉमरसेट असे परगणेच्या परगणे त्याने घोड्यावरून पालथे घातले.

शिकारीचा लाल कोट, गुडघ्यापर्यंत बूट अशा थाटात तो सकाळी नऊला एखाद्या गावच्या पोस्टात हजर व्हायचा आणि प्रत्येक पत्राचं काय होतं ते विचारायचा. मग शेतकऱ्यांच्या आणि पाद्र्यांच्या घरी जाऊन चौकशी: पत्रं किती वाजता येतात? पोस्टमन वर काही पैसे मागतो का? दारात उभा हा शिकारी असले प्रश्न का विचारतोय, तेच लोकांना कळेना.

पैशाच्या प्रश्नाला कारण होतं. तुमचं घर माझ्या वाटेत येत नाही, जास्तीची पायपीट होते, असं सांगून ग्रामीण पोस्टमन पत्रामागे एक पेनी वर घ्यायचे. ट्रॉलपच्या दृष्टीने या एका पापाला क्षमा नव्हती. पत्र टाकणाऱ्याने पैसे आधीच भरलेत, तेव्हा दारात पुन्हा हात पसरायचा नाही. ही प्रथा आपण मोडून काढली, असं त्याने पुढे समाधानाने नोंदवलं.

याच काळात कामानिमित्त तो चॅनेल बेटांवर गेला. पत्र टाकायला दरवेळी पोस्टापर्यंत जावं लागू नये म्हणून फ्रान्समध्ये रस्त्याकडेला पेट्या असत. तशा इथे लावा, अशी शिफारस त्याने केली. २३ नोव्हेंबर १८५२ रोजी जर्सी बेटावरच्या सेंट हेलियर गावात पहिल्या चार पत्रपेट्या उभ्या राहिल्या, आणि पुढच्याच वर्षी ती कल्पना मुख्य ब्रिटनमध्ये पोचली.

सोळा मैल

आता या गोष्टीतला अवघड भाग. नवा टपालमार्ग मंजूर व्हायला दोन अटी होत्या. एक, पत्रामागे अर्धा पेनी धरून पोस्टमनचा पगार निघाला पाहिजे. दोन, कोणत्याही पोस्टमनला दिवसाला १६ मैलांपेक्षा (म्हणजे साधारण २६ किलोमीटर) जास्त चालायला लावायचं नाही.

ट्रॉलपला तर प्रत्येक घरापर्यंत पोस्टमन पोचवायचा होता, दोन वर्षं दुसरा ध्यासच नव्हता. मग पत्रांची मोजणी जरा आशावादी होऊ लागली. खोटे आकडे त्याने लिहिले नाहीत. पण साहेबांना कोणता आकडा आवडेल हे खालच्या पोस्टमास्तरांना कळलं होतं. ग्राफ सरळ यावा म्हणून प्रॅक्टिकलला रीडिंग कशी ‘बसतात’ हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

आणि १६ मैल? पक्क्या रस्त्याने गेलं तर बरीच घरं सुटत. म्हणून ट्रॉलपने पोस्टमनसाठी शेतांतून, कुंपणांवरून जाणाऱ्या आडवाटा शोधल्या. शॉर्टकट काढण्यात त्याला भारी आनंद वाटायचा. वाट कागदावर १६ मैलांत बसायची, मंजूरही व्हायची. पण ती मोजली होती घोड्यावरून, आणि तुडवायची होती पायी. शिवाय ट्रॉलपला स्वतःला प्रवासाच्या मैलामागे सहा पेन्स भत्ता मिळत होता. पोस्टमनला त्या आडवाटेचं वेगळं काही मिळत नव्हतं.

आपण त्या माणसांवर कधीकधी अन्याय केला असावा, हे त्याने आत्मचरित्रात कबूल केलंय. काही मार्ग नंतर बंद पडले, कारण हे घर घे, ते घर घे करत त्याने माणसांना फार लांब धाडलं होतं. विचार करा, एक पेनी जास्त मागणारा पोस्टमन त्याच्या लेखी अक्षम्य गुन्हेगार होता. पण आपली वाट लांब पडते हे त्या पोस्टमनचं म्हणणं दरवेळी खोटं असेलच असं नाही.

ग्लासगोचे जिने

१८५८ मध्ये त्याला इजिप्तला जावं लागलं, आणि ते काम आपल्या देशाशी जोडलेलं होतं. भारत आणि ऑस्ट्रेलियाची टपाल अलेक्झांड्रियाहून सुएझपर्यंत आधी उंटांवरून जायची. आता रेल्वे होत होती, तेव्हा नवा करार करायचा होता. ही टपाल न्यायला ४८ तास हवेत, असा इजिप्तच्या नुबार बे यांचा आग्रह. ट्रॉलपचं म्हणणं २४ तास पुरे. वेळेची ही मागणी मुळात एका ब्रिटिश जहाज कंपनीच्या सोयीसाठी आहे असा त्याला संशय होता. तो हटला नाही आणि २४ तासच ठरले. म्हणजे कमी वेळात काम मागणं हे त्याला चुकीचं वाटत नव्हतं. पण वेळ कोणाच्या सोयीने मागितला जातोय, हे तो बघत असे.

त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात त्याला ग्लासगो शहरातलं टपालवाटप सुधारायला पाठवलं. इथे घोडा नव्हता. उंच चाळींसारख्या इमारती, वरच्या मजल्यांवर बिऱ्हाडं आणि हातात पत्रांचा गठ्ठा. ट्रॉलप पोस्टमनांबरोबर गल्लीन् गल्ली पायी फिरला आणि प्रत्येक जिना चढून अगदी वरच्या मजल्यापर्यंत गेला. कारण स्पष्ट होतं: प्रत्येक पाऊल आपल्याबरोबर टाकलं नाही, तर आमच्या कष्टांचा अंदाज बांधायला हा साहेब नालायक आहे, असं ती माणसं म्हणाली असती. इतकं थकवणारं काम आयुष्यात केलं नाही, असं त्याने लिहिलंय. पोस्टमन कुरकुरायचे तेव्हा याच्या मनात यायचं की घरी जाऊन प्रेमप्रसंग लिहायची वेळ यांच्यावर आली असती तर! कारण कादंबरीलेखन चालूच होतं. पुढे तर पहाटे साडेपाचला घड्याळ समोर ठेवून दर पाव तासाला अडीचशे शब्द लिहायचे आणि मग ऑफिस गाठायचं, असा त्याचा नेम झाला.

१८६४ मध्ये त्याला डावलून दुसऱ्याला बढती मिळाली. १८६७ मध्ये त्याने राजीनामा दिला. साठीपर्यंत थांबला असता किंवा आजारी असल्याचं सोंग केलं असतं, तर पेन्शन मिळाली असती. वय होतं ५२ आणि तब्येत ठणठणीत. त्याने पेन्शनवर पाणी सोडलं. ६ डिसेंबर १८८२ रोजी तो वारला. पुढच्या वर्षी आत्मचरित्र प्रसिद्ध झालं. त्यात नोकरीत आपल्याला कशाची तळमळ होती याची यादी आहे: पत्रं लवकर आणि फुकट घरपोच व्हावीत, पोस्टमनला कामाने पिळू नये, पगार पुरेसा मिळावा, रविवारी त्याला स्वतःचा वेळ असावा, आणि त्याने आपला पगार कष्टाने कमवावा. शेवटची अट त्याने सोडली नाही, आणि पहिल्या अटी सोडून नुसती शेवटचीही धरली नाही.

आपल्यासाठी

आज वाट घोड्यावरून मोजत नाहीत, ती सॉफ्टवेअर मोजतं. किती पार्सलं, किती मिनिटं, कोणता रस्ता, सगळं स्क्रीनवर ठरतं. २०२१ मध्ये अमेरिकेत ॲमेझॉन कंपनीने आपल्या ड्रायव्हरना लघवीला जायचीही पंचाईत होते हे आधी नाकारलं आणि मग मान्य केलं. वाहतुकीची कोंडी आणि खेड्यांतले लांब रस्ते ही कारणं कंपनीने दिली. म्हणजे ट्रॉलपच्या सोळा मैलांचा हिशेब अजून मिटलेला नाही.

दार न वाजवता खोटी नोंद करणं ही लबाडीच, तिला माफी नको. पण त्या नोंदीमागे कुणीतरी न चालता मोजलेली वाट आहे का, हेही विचारायला हवं. मित्रहो, उद्या कॉम्प्युटर आणि प्रॉडक्शनच्या आपल्याच बॅचमधलं कुणीतरी एखाद्या कंपनीत बसून असे रूट आखणार आहे. तेव्हा मिनिटांचा आकडा पक्का करण्याआधी एक दिवस त्या माणसाबरोबर पायी फिरा, आणि लिफ्ट बंद असलेल्या इमारतीत सर्वांत वरच्या मजल्यापर्यंत जा.