अनवाणी पावलांपलीकडचा अबेबे

काही थोर माणसांच्या वाट्याला एक विचित्र भाग्य येते. त्यांच्या आयुष्यातील एकच चित्र लोकांच्या मनावर कोरले जाते आणि बाकीचा सारा माणूस त्या चित्रामागे झाकला जातो. अबेबे बिकिला हे नाव घेतले, की रोमच्या दगडी रस्त्यावरून अनवाणी धावणारा एक कृश, कृष्णवर्णी तरुण डोळ्यांसमोर उभा राहतो. गरीब देशाचा मुलगा, पायात बूट नाहीत, आणि तरीही त्याने जग जिंकले! कथा एवढ्यावरच संपते. ऐकणारा अचंबित होतो आणि चमत्कार म्हणून तिला हात जोडून मोकळा होतो. पण चमत्कार म्हटले की त्यामागचे कष्ट दिसेनासे होतात. म्हणूनच या लेखात आपल्याला त्या अनवाणी पावलांच्या अलीकडचा आणि पलीकडचा अबेबे पाहायचा आहे.

अबेबेचा जन्म ७ ऑगस्ट १९३२ रोजी इथिओपियातील शेवा प्रांतात, जातो नावाच्या खेड्यात झाला. योगायोग असा, की त्याच दिवशी लॉस एंजेलिस ऑलिंपिकमधील मॅरेथॉन धावली जात होती. इथिओपियात आडनावाची पद्धत नाही. मुलाच्या नावापुढे वडिलांचे नाव येते, एवढेच. तेव्हा बिकिला हे वडिलांचे नाव आणि अबेबे हे त्याचे स्वतःचे. घरची स्थिती बेताची. लहानपण गुरे-मेंढ्या राखण्यात आणि तेथील गेना नावाचा हॉकीसारखा खेळ खेळण्यात गेले. तो अवघा तीन वर्षांचा असताना, १९३५ मध्ये, मुसोलिनीच्या फौजा त्याच्या देशात घुसल्या. १९३६ च्या मे महिन्यात राजधानी आदिस अबाबा पडली आणि सम्राट हेले सेलासी यांना देश सोडावा लागला. आक्रमकांनी अक्सुम येथील प्राचीन दगडी स्तंभ उचलून रोमला नेला आणि विजयचिन्ह म्हणून भर चौकात उभा केला. या स्तंभाची आठवण वाचकांनी ठेवावी. पुढे त्याची गाठ पडणार आहे.

१९४१ मध्ये सम्राट परतले. त्यानंतर दहा-बारा वर्षांनी तरुण अबेबे शाही रक्षक दलात शिपाई म्हणून भरती झाला. या दलाच्या खेळाडूंना शिकवण्यासाठी ओन्नी निस्कानेन हे स्वीडिश प्रशिक्षक होते. जन्माने फिनलंडचे, नागरिकत्वाने स्वीडनचे आणि कर्माने इथिओपियाचे असे हे गृहस्थ १९४६ पासून त्या देशात राहत होते. त्यांनी अबेबेमधील गुण हेरले आणि त्याला शिस्तीच्या ऐरणीवर ठेवले. आदिस अबाबा समुद्रसपाटीपासून सुमारे २,४०० मीटर उंचीवर वसलेले. तेथील विरळ हवेत रोजची लांब धाव, टेकड्यांची चढउतार, मध्येच वेग वाढवणे, मध्येच कमी करणे, असा सराव चाले. उंचावर वाढलेल्या माणसाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती वाढते, हे शास्त्र सांगते. पण त्या उंचीवर लाखो माणसे राहत होती. त्यांतून अबेबे एकच निघाला, कारण या देणगीला त्याने सरावाची जोड दिली.

आता थोडे रस्त्यावरच्या शर्यतीविषयी. मैदानावरच्या धावपट्टीवर धावणे आणि गावच्या रस्त्यावर धावणे यांत मोठा फरक आहे. रस्त्याला चढ असतो, उतार असतो, खडी असते, ऊन-वारा असतो. १८९६ च्या पहिल्या आधुनिक ऑलिंपिकमध्ये अथेन्सजवळच्या एका खेड्यातील स्पिरिडॉन लुईस याने मॅरेथॉन जिंकली आणि या शर्यतीचा डंका जगभर वाजला. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये धावलेले ४२.१९५ किलोमीटरचे अंतर पुढे कायम झाले. मात्र १९६० पर्यंत कृष्णवर्णी आफ्रिकी देशांच्या एकाही खेळाडूला ऑलिंपिकचे सुवर्णपदक मिळाले नव्हते. लांब पल्ल्याच्या धावण्यात फिनलंड, चेकोस्लोव्हाकिया, रशिया यांचा दबदबा होता. इथिओपियाकडे कोणी वळूनही पाहत नव्हते.

१९६० च्या उन्हाळ्याअखेर अबेबे रोमला आला तो असा, कुणाच्या खिजगणतीत नसलेला! त्याच वर्षी मार्चमध्ये त्याचे लग्न झाले होते. रोममध्ये मिळालेले बूट त्याच्या पायांना नीट बसेनात. इथे बहुतेक कथाकार म्हणतात, की बूट नव्हते म्हणून बिचारा अनवाणी धावला. वस्तुस्थिती वेगळी आहे. अनवाणी धावण्याचा त्याला घरापासून सराव होता. पाय चावणाऱ्या नव्या बुटांपेक्षा कमावलेले तळवे बरे, असा निर्णय गुरुशिष्यांनी विचारपूर्वक घेतला. तो हिशेब होता, अगतिकता नव्हती. दोघांनी शर्यतीचा मार्गही आधी पाहून ठेवला होता. शेवटच्या टप्प्यात, पोर्ता कापेना चौकात, अक्सुमचा तो पळवून नेलेला स्तंभ उभा होता. त्याच्यापाशी वेग वाढवायचा, असे ठरले.

१० सप्टेंबर १९६० ची सायंकाळ. उन्हाचा त्रास टाळण्यासाठी शर्यत उशिरा सुरू करण्यात आली होती. कॅपिटोल टेकडीपाशी आरंभ आणि कॉन्स्टंटाइनच्या कमानीखाली शेवट. धावता धावता अंधार पडला आणि प्राचीन आप्पियन मार्गावर इटालियन सैनिक हातात मशाली घेऊन दुतर्फा उभे राहिले. त्या उजेडात दोनच धावपटू पुढे दिसत होते. एक मोरोक्कोचा रादी बेन अब्देसलाम, आणि दुसरा ११ क्रमांकाचा, अनवाणी, शांत चेहऱ्याचा अनोळखी माणूस. बराच वेळ दोघे खांद्याला खांदा लावून धावले. मग तो स्तंभ आला आणि ठरल्याप्रमाणे अबेबेने वेग वाढवला. रादी मागे पडला. अबेबेने २ तास १५ मिनिटे १६.२ सेकंदांत शर्यत संपवली. रशियाच्या सर्गेई पोपोव्हने १९५८ मध्ये नोंदवलेली जगातील सर्वोत्तम वेळ त्याने एका सेकंदाहूनही कमी फरकाने मागे टाकली. स्वतः पोपोव्ह या शर्यतीत पाचवा आला. ज्या शहरातून आपल्या देशावर चाल करून येण्याचा हुकूम सुटला होता, त्याच शहरात सुमारे पंचवीस वर्षांनी इथिओपियाचा एक शिपाई विजेता म्हणून उभा राहिला. हाती शस्त्र न घेता दिलेले याहून सुंदर उत्तर इतिहासात शोधूनही क्वचितच सापडेल.

पण कीर्तीच्या मागोमाग संकटही आले. डिसेंबर १९६० मध्ये सम्राट परदेशी असताना शाही रक्षक दलाच्या सेनापतीने बंड पुकारले. ते फसले. दलातला शिपाई म्हणून अबेबेलाही काही काळ अटकेत राहावे लागले, पण बंडात त्याचा हात नसल्याने तो सुटला. १९६१ मध्ये त्याने अथेन्स, ओसाका आणि चेकोस्लोव्हाकियातील कोशित्से येथील मॅरेथॉन जिंकल्या. १९६३ मध्ये बोस्टनला मात्र तो पाचवा आला. रोमचा विजय ही एका रात्रीची जादू होती की काय, अशी शंका घेणाऱ्यांना आता जोर चढला.

त्या शंकेला उत्तर टोकियोत मिळाले. ऑक्टोबर १९६४ च्या ऑलिंपिकपूर्वी जेमतेम पाच-सहा आठवडे त्याच्यावर आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया झाली. एवढ्यात धावणे दूरच, मैदानावर उतरेल की नाही याचीच भ्रांत होती. पण २१ ऑक्टोबर रोजी तो उतरला, आणि या वेळी पायांत बूट आणि पांढरे मोजे होते. अर्धे अंतर सरण्यापूर्वीच त्याने साऱ्यांना मागे टाकायला सुरुवात केली होती. पुढे तो एकटाच होता. २ तास १२ मिनिटे ११.२ सेकंद! पुन्हा जगातील सर्वोत्तम वेळ. इंग्लंडचा बेसिल हीटली आणि जपानचा कोकिची त्सुबुराया चार मिनिटांहून अधिक वेळाने पोहोचले. ते येईपर्यंत अबेबे हिरवळीवर पाठ टेकून पाय हलवत शांतपणे व्यायाम करीत होता. प्रेक्षक थक्क झाले. पदकदानाच्या वेळी तर आणखी गंमत झाली. वाद्यवृंदाकडे इथिओपियाचे राष्ट्रगीत नसल्याने जपानचेच वाजवण्यात आले! ऑलिंपिक मॅरेथॉन दोनदा जिंकणारा तो पहिला धावपटू ठरला. बूट घातले काय आणि काढले काय, विजय पावलांमागच्या साधनेचा होता, हे टोकियोने सिद्ध केले.

१९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये तिसऱ्या सुवर्णपदकाची आशा होती. पण दुखावलेल्या पायाने दगा दिला आणि सुमारे १७ किलोमीटरवर त्याला थांबावे लागले. सुवर्णपदक मात्र इथिओपियालाच मिळाले. त्याचा सहकारी मामो वोल्दे पहिला आला. अबेबेने पाडलेल्या वाटेवर दुसरी पावले उमटू लागली होती.

आणि मग तो दिवस उगवला. २२ मार्च १९६९ रोजी रात्री मोटार चालवत असताना अबेबेला भीषण अपघात झाला. मज्जारज्जूला इजा झाली. त्याला इंग्लंडमधील स्टोक मँडेविल रुग्णालयात नेण्यात आले. तेथे सुमारे आठ महिने उपचार झाले. हातांत बळ परत आले; पाय मात्र कायमचे गेले. ज्या पायांनी जग जिंकले तेच पाय! वय अवघे ३६.

याच रुग्णालयात डॉ. लुडविग गुटमान यांनी १९४८ पासून अपंगांसाठी क्रीडास्पर्धा सुरू केल्या होत्या. दैवयोग पाहा, १९६० मध्ये अबेबे रोमला जिंकला, त्यानंतर आठच दिवसांनी त्याच शहरात चाकांच्या खुर्चीवरील खेळाडूंची आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरली होती. पहिले पॅरालिंपिक म्हणून आज तिची गणना होते. तेव्हा त्या खेळाडूंशी अबेबेचा संबंध नव्हता. दहा वर्षांनी, १९७० मध्ये, तो स्वतः स्टोक मँडेविलच्या स्पर्धेत खुर्चीवर बसून धनुर्विद्येत उतरला. टेबल टेनिसही खेळला. पुढच्या वर्षी नॉर्वेत बर्फावरून कुत्रे ओढत नेत असलेल्या घसरगाडीच्या शर्यतीतही त्याने भाग घेतला. १९७२ मध्ये म्युनिक ऑलिंपिकला सन्माननीय पाहुणा म्हणून तो चाकांच्या खुर्चीतून आला, तेव्हा प्रेक्षकांनी उभे राहून त्याला मानवंदना दिली.

२५ ऑक्टोबर १९७३ रोजी आदिस अबाबा येथे मेंदूतील रक्तस्रावाने त्याचे निधन झाले. वय ४१. अंत्ययात्रेला हजारो लोक लोटले. स्वतः सम्राट उपस्थित होते. पुढच्याच वर्षी त्या सम्राटांचे सिंहासनही गेले. राज्ये गेली, राजे गेले. शिपायाचे नाव मात्र राहिले.

अबेबेने उघडलेल्या दारातून पुढे केवढा प्रवाह वाहिला! मॅरेथॉनबरोबरच रस्त्यावरच्या इतर शर्यतींनाही जागतिक स्पर्धेचा दर्जा मिळाला. १९९२ मध्ये इंग्लंडमधील टाइन नदीकाठी पहिली जागतिक अर्धमॅरेथॉन स्पर्धा झाली. २००१ मध्ये ब्रिस्टॉलला ती इथिओपियाच्या हेले गेब्रसेलासीने जिंकली. २००४ मध्ये ही स्पर्धा आपल्या नवी दिल्लीत भरली, तेव्हा केनियाचा पॉल किरुई विजयी झाला. २०२३ मध्ये लॅटव्हियातील रिगा येथे अर्धमॅरेथॉनबरोबर ५ किलोमीटर आणि एक मैल या शर्यतीही एकत्र आणून नवी जागतिक रस्ता-धाव स्पर्धा सुरू झाली. तेथे ५ किलोमीटरचे सुवर्णपदक इथिओपियाच्या हागोस गेब्रहिवेटला मिळाले. १९९६ मध्ये अटलांटा येथे ऑलिंपिक मॅरेथॉन जिंकणारी फातुमा रोबा आणि २०२४ मध्ये पॅरिसला जिंकणारा तामिरात तोला हेही त्याच देशाचे. एकेकाळी ज्यांच्याकडे कोणी पाहत नव्हते, ते पूर्व आफ्रिकेचे धावपटू रस्त्यावरच्या शर्यतींचे स्वामी झाले. आणि तो अक्सुमचा स्तंभ? इटलीने २००५ मध्ये तो परत केला आणि २००८ मध्ये तो आपल्या मूळ भूमीवर पुन्हा उभा राहिला. अबेबे हे पाहायला नव्हता.

विद्यार्थी मित्रहो, गरिबीतून वर आलेल्या माणसाला आपण फार लवकर चमत्कार ठरवतो. त्यात कौतुक असते, पण नकळत थोडा अन्यायही असतो. त्याने पहाटे उठून केलेला सराव, गुरूबरोबर बसून आखलेला बेत, मार्गावरचा प्रत्येक चढ मनात साठवण्याची चिकाटी, हे सारे आपण त्याच्या हिशेबातून वजा करतो आणि श्रेय दैवाला देऊन टाकतो. अबेबेपाशी रोममध्ये बूट नव्हते, टोकियोत होते, आणि अखेरच्या चार वर्षांत तर पायच चालत नव्हते. तिन्ही वेळा तो उतरला तेव्हा त्याच्यापाशी एकच गोष्ट समान होती. जे हाती उरले आहे त्याचा नीट विचार करायचा आणि त्यावर अखंड मेहनत घ्यायची, हा त्याचा बाणा होता. ही शिदोरी मिळवायला पैसा लागत नाही, मोठ्या शहरात जन्मही लागत नाही. ती आपल्यापैकी प्रत्येकाच्या आवाक्यात आहे. प्रश्न फक्त रोज पहाटे उठण्याचा आहे!